शस्त्रक्रियेनंतरही निखळणारा खांदा : प्रस्तावना

शस्त्रक्रिया झाली, झोळीतले आठवडे सरले, व्यायाम झाले, आणि एक दिवस खांदा पुन्हा निखळला. कुणाचा कबड्डीच्या पकडीत, कुणाचा आखाड्यात, कुणाचा एसटीत वरचा दांडा धरताना, तर कुणाचा झोपेत कूस बदलताना. हे पुस्तक अशा माणसांसाठी आहे. पहिल्यांदा खांदा निखळलेल्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शस्त्रक्रिया होऊनही ज्याचा खांदा निखळतो, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा दोनच वाक्यं येतात : ‘पुन्हा ऑपरेशन करावं लागेल’ किंवा ‘आता आयुष्यभर जपून राहा’. यांतलं एखादं पुढे खरंही ठरेल. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. खांदा पुन्हा का निखळला? पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण याच प्रश्नाशी बांधलेलं आहे, कारण फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त हाच प्रश्न अनुत्तरित राहिलेला दिसला आहे.

उत्तर शोधायचं तर सांध्याची ठेवण आधी समजून घ्यावी लागते. खांद्याइतका मोकळा फिरणारा सांधा शरीरात दुसरा नाही, आणि या मोकळेपणाची किंमत त्याला स्थैर्यात मोजावी लागते. मांडीच्या सांध्याची खोबण खोल असते. खांद्याची लहान आणि उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. बशीत ठेवलेल्या लिंबासारखी ही मांडणी आहे. गोळा घरंगळू नये म्हणून शरीराने एकावर एक बंदोबस्त केले आहेत. खोबणीच्या काठाभोवती लॅब्रम नावाची चिवट कड असते. तिला अस्थिबंध आणि सांध्याभोवतीची पिशवी जोडलेली असते. त्यांच्यावरून रोटेटर कफचे चार स्नायू जातात आणि हात हलत असताना गोळ्याला खोबणीच्या मध्याकडे दाबून धरतात. खोबण ज्या हाडावर आहे तो फरा, म्हणजे पाठीवरचं त्रिकोणी हाड, हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर सरकून खोबणीला गोळ्याखाली आणतो. आणि कुठल्या स्नायूने कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं, हे मेंदू ठरवतो. हाड, कड आणि पिशवी, स्नायू, मेंदू : दोष यांपैकी कुठेही असू शकतो, अनेकदा एकाहून जास्त ठिकाणी असतो. शस्त्रक्रिया मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणची दुरुस्ती करते. उरलेला दोष तसाच राहिला, तर टाके उत्तम असूनही खांदा निखळतो.

या शस्त्रक्रियांचा इतिहास पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापलेल्या सळईने डाग देण्याची पद्धत वर्णिली आहे. डाग भरताना ऊती आवळतील आणि गोळ्याला घसरायला जागा उरणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. १९०६ मध्ये जर्मनीत पेर्थेस यांनी आणि १९२३ मध्ये लंडनच्या बँकार्ट यांनी दोष वेगळ्या जागी दाखवला : खोबणीच्या पुढच्या काठावरून लॅब्रमची कड उखडलेली असते, ती पुन्हा हाडाला शिवायला हवी. आज दुर्बिणीतून होणारी ‘बँकार्ट दुरुस्ती’ त्याच विचारावर उभी आहे. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी गोळ्याच्या मागच्या अंगाला पडणाऱ्या पोच्याकडे लक्ष वेधलं. निखळलेला गोळा खोबणीच्या धारेवर आपटतो तेव्हा हा पोचा पडतो. १९५४ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरातले लातार्जे यांनी कोराकॉइड हा हाडाचा उंचवटा त्याला जोडलेल्या स्नायूंसकट कापून खोबणीच्या पुढच्या काठावर स्क्रूने बसवला. झिजलेल्या काठाला नवं हाड मिळालं, आणि हात वर उचलून बाहेर वळवला की तेच स्नायू गोळ्याला समोरून अडवू लागले.

विसाव्या शतकातच पुट्टी-प्लॅट ही पद्धतही बरीच चालली. तिच्यात खांद्याचा पुढचा स्नायू आणि पिशवी आखूड करत. निखळणं बहुधा थांबे, पण हात बाहेरच्या बाजूला वळेनासा होई, आणि त्या ताणामुळे कित्येकांच्या सांध्याची पुढे अकाली झीज झाली. १९९० च्या दशकात दुर्बिणीतून उष्णता देऊन सैल पिशवी आकसवण्याची टूम निघाली. कित्येक खांदे पुन्हा सैल झाले, काहींच्या सांध्यातली कूर्चाच नष्ट झाली, आणि ती पद्धत मागे पडली. काखेतला डाग आणि ही उष्णता यांच्यामध्ये दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तरी दोन्हींमागची समजूत एकच : सैल आहे, म्हणून आवळा. ज्या खांद्याचा दोष वेगळाच असतो त्याला ही समजूत उपयोगी पडत नाही. प्रत्येक शस्त्रक्रिया हे ‘खांदा का निखळतो?’ या प्रश्नाला दिलेलं एक उत्तर असतं. ते उत्तर तुमच्या खांद्याला लागू आहे का, हे तपासणं हाच उपचाराचा गाभा आहे.

उत्तर चुकलं तर काय होतं, हे २००० साली बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी १९४ बँकार्ट दुरुस्त्यांचा आढावा घेऊन आकड्यांत मांडलं. ज्यांच्या हाडाची मोठी हानी झालेली नव्हती त्यांच्यातले ४ टक्के खांदे पुन्हा अस्थिर झाले. ज्यांच्या हाडाची मोठी हानी झाली होती त्यांच्यातले ६७ टक्के. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्यांमध्ये हेच आकडे ६.५ आणि ८९ टक्के होते. सर्व रुग्णांमध्ये कड शिवलेलीच होती. फरक होता तो त्या कडेखालच्या हाडात. २००७ मध्ये बाल्ग आणि ब्वालो यांनी शस्त्रक्रियेआधीच धोका मोजण्यासाठी १० गुणांची सोपी पद्धत दिली. तिच्यात वय २० किंवा त्याहून कमी असेल तर २ गुण, स्पर्धात्मक खेळाला २, भिडण्याच्या किंवा हात डोक्यावर उचलण्याच्या खेळाला १, मूळच्या सैल सांध्यांना १, आणि एक्स-रेवर दिसणाऱ्या गोळ्याच्या व खोबणीच्या हानीला प्रत्येकी २. ज्यांचे गुण ६ हून जास्त होते, त्यांच्यात दुर्बिणीच्या बँकार्ट दुरुस्तीनंतर पुन्हा अस्थिर होण्याचं प्रमाण ७० टक्के आढळलं. जिल्हा पातळीवर खेळणारा एकोणीस वर्षांचा कबड्डीपटू घ्या. एक्स-रे काढण्याआधीच त्याचे ५ गुण होतात, आणि हाडाची एक हानी दिसली की ७. चढाईत त्याचा हात बचावपटूंच्या साखळीत अडकून मागे ओढला जातो, तेव्हा खांदा नेमका निखळण्याच्या स्थितीत येतो. अशा मुलाला नुसते टाके घालून मैदानावर पाठवायचं का, हा प्रश्न पहिल्याच शस्त्रक्रियेपूर्वी विचारला गेला पाहिजे. दुसऱ्या वेळी तर तो टाळताच येणार नाही.

आता ‘शस्त्रक्रिया फसली’ म्हणजे काय, ते नीट ठरवू. खांदा पूर्ण निखळून दवाखान्यात बसवावा लागणं, हा सर्वांना दिसणारा प्रकार. पण खांदा अर्धवट सटकून आपोआप जागेवर येणं, हात वर नेताना ‘आता निघणार’ अशी धास्ती वाटणं, सतत दुखणं, किंवा इतका आखडणं की शर्ट घालताना दुसऱ्याची मदत लागावी, ही सगळीही अपयशाचीच रूपं आहेत. अमेरिकन सैनिकांच्या २०१५ मधल्या एका अभ्यासात खोबणीचं सुमारे १३.५ टक्क्यांहून जास्त हाड गेलेल्यांना दुरुस्तीनंतर खांदा पुन्हा न निखळताही समाधानकारक वापर मिळाला नव्हता. कागदावर ‘पुन्हा निखळला नाही’ अशी नोंद होते आणि माणूस रोज धास्तीत जगतो. म्हणून या पुस्तकात रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवाला एक्स-रेइतकंच पुराव्याचं स्थान दिलं आहे.

अपयशाची कारणं मी सहा गटांत मांडली आहेत. पहिला गट हाडाचा : खोबणीचा झिजलेला काठ आणि गोळ्याचा पोचा. दोन्ही एकत्र असतील तर पोचा धारेत अडकून गोळा बाहेर येतो. दुसरा गट दुरुस्तीचा : टाक्यांच्या खुंट्या, म्हणजे अँकर, कमी पडणं, खूप वर बसणं किंवा सैल होणं, पिशवीची मूळची सैलता राहून जाणं, दंडाच्या बाजूने फाटलेला अस्थिबंध लक्षात न येणं. लातार्जे शस्त्रक्रियेनंतर बसवलेलं हाड न जुळणं, विरघळणं किंवा स्क्रू टोचणं हेही इथेच येतं. तिसरा गट निदानाचा : खांदा मागच्या बाजूने किंवा सगळ्याच बाजूंनी सैल असताना फक्त पुढची बाजू दुरुस्त होणं. चाळिशीनंतर निखळलेल्या खांद्यात रोटेटर कफ फाटलेला असण्याची शक्यता बरीच वाढते, तोही पाहिला गेला पाहिजे. चौथा गट शरीराच्या जडणघडणीचा आणि इतर आजारांचा : जन्मजात लवचिक सांधे, किंवा फिट्स. फिटमध्ये स्नायू इतक्या जोराने आवळतात की चांगली दुरुस्तीही टिकत नाही; तिथे आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडून फिट्स आटोक्यात आणणं हाच खांद्याचा पहिला उपचार असतो. पाचवा गट स्नायूंच्या चुकीच्या सवयीचा. सहावा गट खरोखरच्या नव्या अपघाताचा, आणि ऊती जुळण्याआधी खेळाकडे किंवा कामाकडे परतण्याचा.

पाचव्या गटाकडे सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. लंडनमधल्या स्टॅनमोर येथील अस्थिरोग रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये खांद्याच्या अस्थिरतेचा एक त्रिकोण मांडला. एका टोकाला अपघाताने झालेली मोडतोड, दुसऱ्या टोकाला अपघाताविना आलेली सांध्याच्या रचनेतली सैलता, आणि तिसऱ्या टोकाला स्नायूंचा बिघडलेला ताळमेळ. रुग्ण या टोकांच्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि काळाबरोबर त्याची जागा बदलूही शकते. अपघाताने सुरू झालेला त्रास वर्षानुवर्षं सटकत राहिला की छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू भलत्याच वेळी आवळायला लागतात, मागचे लहान स्नायू सुस्तावतात, आणि खांदा स्वतःच्याच स्नायूंच्या ओढीने बाहेर येतो. अशा खांद्यावर कितीही वेळा टाके घातले तरी ओढ तशीच राहते. असा रुग्ण ‘ताकद वाढवायला’ व्यायामशाळेत छातीचे व्यायाम करू लागला, तर त्रास वाढूही शकतो.

कारण शोधण्याची सुरुवात जुन्या कागदांपासून होते. पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, तिच्यातले फोटो किंवा व्हिडिओ, वापरलेल्या अँकर-स्क्रूंचे तपशील, आधीचे आणि नंतरचे स्कॅन : हे सगळं एका फाइलीत असावं. आपल्याकडे अनेकांच्या हाती फक्त डिस्चार्ज कार्ड असतं. शस्त्रक्रियेची नोंद मागणं हा तुमचा हक्क आहे. ती मागताना संकोच करू नका. त्यानंतर तपासणी. दोन्ही खांदे उघडे ठेवून, पुढून आणि मागून, फऱ्याची हालचाल पाहत केलेली तपासणी कुठल्याही यंत्राहून आधी हवी. हाडाची हानी मोजायला त्रिमितीय सीटी स्कॅन लागतो. कड, पिशवी आणि कफ पाहायला एमआरआय, शक्यतो सांध्यात द्रव सोडून केलेला. बधिरपणा किंवा एखाद्या स्नायूची क्षीणता असेल तर नसांची चाचणी. दुखणं रेंगाळत असेल तर मंद जंतुसंसर्गाचाही विचार व्हावा. खांद्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू ताप-सूज न दाखवता दडून राहू शकतो, आणि त्याच्या शोधासाठी नमुने प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त दिवस, अनेकदा चौदा दिवसांपर्यंत, वाढवत ठेवावे लागतात.

कारण हाती आलं की उपचाराची दिशा ठरते. हाड शाबूत आहे, पण स्नायूंचा ताळमेळ गेला आहे किंवा सांधे मूळचेच लवचिक आहेत, तिथे शिस्तीने केलेली फिजिओथेरपी हाच मुख्य उपचार असतो. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि रबरी पट्टा ओढणं, असा समज अजूनही आहे. खरं काम आधी फऱ्यावर ताबा मिळवण्याचं असतं. हात खाली असताना गोळा मध्यावर धरायला शिकायचं, मग थोडा उचलून, मग डोक्याच्या वर, मग वेगात, आणि शेवटी धक्का सोसत. सगळ्या बाजूंनी सैल असलेल्या खांद्यांसाठी मेलबर्नमधल्या लिन वॉटसन यांनी अशा पायऱ्यांचा कार्यक्रम तयार केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत २४ आठवड्यांनी तो जुन्या, केवळ ताकद वाढवणाऱ्या कार्यक्रमापेक्षा सरस ठरला. बर्लिनमध्ये स्नायूंच्या चुकीच्या ओढीने निखळणाऱ्या खांद्यांसाठी हालचालीच्या वेळी सुस्त स्नायूंना विजेची सौम्य उत्तेजना देण्याची पद्धत विकसित झाली आहे. या वाटेवर महिने जातात. तीन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून ती सोडणं म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच थांबवणं.

हाड गेलेलं असेल तर मात्र व्यायाम पुरत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं फिजिओथेरपिस्टचं कर्तव्य आहे. हाडाची हानी किरकोळ असून दुरुस्तीतलाच दोष सापडला, तर निवडक रुग्णांत पुन्हा दुर्बिणीची दुरुस्ती करता येते. गोळ्याचा पोचा मोठा असेल तर मागचा स्नायू आणि पिशवी त्या पोच्यात शिवून तो बुजवतात. खोबणीचा काठ गेला असेल तर लातार्जे. लातार्जेच फसली असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून काठ उभारण्याचा पर्याय राहतो. काही देशांत दात्याच्या हाडाचाही वापर होतो. सांधा जखडून टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. दुसऱ्या वेळी शरीररचना बदललेली असते, व्रण नसांना चिकटलेले असतात, त्यामुळे धोका वाढतो. म्हणून अशा शस्त्रक्रियेसाठी खांद्याचंच काम नेहमी करणाऱ्या शल्यविशारदाकडे जावं आणि गरज वाटल्यास दुसरं मत घ्यावं. चांगला डॉक्टर दुसऱ्या मताने दुखावत नाही.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी ठासून सांगतो. खांदा निखळला की मैदानावर, तालमीत किंवा घरी कुणीही तो ओढून बसवू नये. हाडवैद्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, हे मी जाणतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या खांद्यात अँकर, स्क्रू आणि जोडलेलं हाड असतं. एक्स-रे न पाहता दिलेल्या एका झटक्याने ते मोडू शकतं, नसही दुखावू शकते. हात गार किंवा निळा पडला, बोटं हलेनाशी झाली, किंवा खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट स्त्रियांच्या खांद्याबद्दल. वलणीवर ओले कपडे टाकताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, वेणी घालताना सटकणारा खांदा ‘खेळाडूंचा आजार’ नाही म्हणून घरात दुर्लक्षिला जातो. लेकराला उचलताना हात सुटेल या धास्तीने जगणाऱ्या आईला आपल्याच घरी ‘काही होत नाही’ असं ऐकावं लागतं. या पुस्तकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते घरातल्या पुरुषांनीही वाचावं अशी माझी विनंती आहे.

ही धास्ती मनाचा दुबळेपणा समजू नका. २०१४ मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी अस्थिर खांद्याच्या रुग्णांना धास्ती वाटेल अशा हालचालींची चित्रफीत दाखवून मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या जाळ्यांतलं काम निरोगी लोकांपेक्षा वेगळं आढळलं. खांदा दुरुस्त झाल्यावरही मेंदूला नवा अनुभव हळूहळू द्यावा लागतो. म्हणून मैदानावर परतण्याचा निर्णय कॅलेंडरवर सोपवू नये. हाड जुळल्याचं स्कॅनवर दिसलं का, दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी झाली का, पडताना हात टेकवायचा सराव झाला का, आणि खेळाडूचा स्वतःचा भरवसा परत आला का, या चारही प्रश्नांना ‘हो’ मिळाल्यावरच परवानगी द्यावी. वस्ताद आणि प्रशिक्षक यांच्यासाठी ही यादी शेवटच्या प्रकरणात छापली आहे. पोरगा स्पर्धेला मुकला तर पुढची स्पर्धा असते. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मिळणारा खांदा पहिल्यासारखा क्वचितच असतो.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. नुकताच खांदा पुन्हा निखळला असेल तर प्रथमोपचाराचं प्रकरण आधी वाचा, मग कारणांचं. डॉक्टरांच्या भेटीला जाताना कागदपत्रांची यादी आणि प्रश्नावली सोबत न्या. तिच्यातले मुख्य प्रश्न असे : माझा खांदा पुन्हा का निखळला, त्याचा पुरावा कोणता, तुम्ही सुचवलेला उपचार त्या कारणावर कसा काम करणार, आणि हा उपचार न घेतल्यास काय होईल? या प्रश्नांची उत्तरं समजेल अशा मराठीत मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करायची घाई करू नका. विचारपूर्वक थांबलेल्या चार आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. चुकीच्या कारणावर केलेल्या शस्त्रक्रियेने पुष्कळ बिघडतं. कारण कळल्यावर सगळेच खांदे पूर्ववत होतील असं वचन मी देत नाही. पण कारण कळलेला रुग्ण काय करायचं, काय सोडायचं आणि कशाची वाट पाहायची हे स्वतः ठरवू शकतो, आणि एवढं प्रत्येक रुग्णाला मिळालंच पाहिजे.